ज्वारीच्या दाण्याएवढी जागा

मोटारीच्या डिकीत जे जादा चाक असते त्याला आपण स्टेपनी म्हणतो. आमच्या मानोऱ्यातला पंक्चरवाला म्हणतो, पोहरादेवीच्या यात्रेला जीपा भरून आणणारे ड्रायव्हर म्हणतात, आणि ज्याच्या घरी सायकलीखेरीज वाहन नाही असा माझ्या वर्गातला पोरगाही बिनदिक्कत म्हणतो. शब्द इंग्रजी आहे असे सर्वांना वाटते. परंतु तो मुळात एका रस्त्याचे नाव आहे. वेल्समधील लॅनेली गावी स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथे डेव्हिस नावाच्या दोघा भावांनी १९०४ साली एक युक्ती काढली. त्या काळी मोटारीचे चाक सहजी निघत नसे. टायर फुटला की रस्त्याच्या कडेला बसून, चाक गाडीवरच ठेवून, टायर सोडवावा, ठिगळ लावावे, पुन्हा चढवावा आणि हात काळे करून पुढे जावे असा रिवाज होता. डेव्हिस बंधूंनी आरे नसलेली, नुसती कड असलेली, हवा भरलेल्या टायरसकट एक रिंग बनवली. फुटलेल्या चाकाला ती बाहेरच्या अंगाने जखडायची आणि चालू लागायचे. ती रिंग जगभर खपली. रस्त्याचे नाव तिला चिकटले, आणि ते नाव वऱ्हाडात येऊन इतके मुरले की आता ते परके म्हणून कुणी बाजूला काढणार नाही.

ह्या शब्दाचा शोध मी हौसेने घेतला असे मात्र नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मी मुलांना इतिहास शिकवतो, अधूनमधून कादंबऱ्या लिहितो, आणि यंत्र म्हणाल तर शिवणयंत्राची सुई बदलतानाही माझा हात कापतो. पण एका फेब्रुवारीत शिष्यवृत्तीच्या परीक्षेला तीन मुलांना वाशिमला नेत असताना माझ्या मोटारीच्या पुढच्या चाकातून एक आवाज येऊ लागला, आणि त्या आवाजाने मला चाकाच्या पोटात डोकावायला लावले. तो प्रसंग पुढे सांगतो. आधी चाकाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे, नाहीतर आवाजाचे कारण कळणार नाही.

आमच्या घरी बंडी होती. तिच्या चाकाला धाव चढवण्याचा दिवस म्हणजे आम्हा पोरांना सणच. लोहार लोखंडी पट्ट्याचे कडे मुद्दाम लाकडी चाकाच्या घेराहून थोडे लहान करी. मग गोवऱ्यांच्या आगीत ते लाल होईपर्यंत तापवायचे; तापले की ते फुगते, तेवढ्यात सांडशींनी उचलून चाकावर बसवायचे आणि भराभर पाणी ओतायचे. कडे आवळले की आरे कुरकुरत आणि सांधे एकमेकांत घट्ट बसत. किती लहान करायचे हे लोहाराला ठाऊक असे. जास्त लहान झाले तर आरे मोडतील, कमी झाले तर धाव वाटेतच निसटेल. ह्या कारागिराच्या हातात फूटपट्टी मी कधी पाहिली नाही. दोरीने घेर घेई, तिला एक गाठ मारी, आणि गाठीच्या अलीकडे किती सोडायचे ते अंगठ्याने ठरवी. अंतर मोजण्याची विद्या आमच्या गावात नव्हती असे कुणी म्हणू नये.

बंडीला ब्रेक मात्र चाकात नसे. उतार आला की जू बैलांच्या मानेवर पुढे सरके, बैल खूर रोवून मागे रेटत, आणि धनी कासरा ओढून धरी. म्हणजे चाक फिरण्याचे काम करी आणि थांबण्याचे काम बैल करीत. दोघांचा एकमेकांशी संबंध जनावराच्या मानेतून येई.

थांबवणारी वस्तू चाकाला प्रत्यक्ष भिडलेली मी प्रथम पाहिली ती शकुंतलेच्या डब्याखाली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची आगगाडी आमच्या मानोऱ्यावरून जात नव्हती, पण कारंजा आणि दारव्हा ही तिची ठाणी आम्हाला जवळची. वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिला ओढत होते. पुढे डिझेलचे आले, आणि कालांतराने ती गाडीही थांबली. दारव्ह्याला फलाटाच्या कडेला उकिडवे बसून पाहिले की चाकाशेजारी टांगलेला ओतीव लोखंडाचा ठोकळा दिसे. ब्रेक लागला की तो चाकाच्या फिरत्या कडेवरच दाबला जाई. सारे उघड्यावर. ठोकळा आणि चाक यांमधली फट कुणालाही डोळ्यांनी दिसे.

मोटारीचे तसे झाले नाही. रबरी टायरवर ठोकळा दाबून भागेना, कारण टायरच झिजू लागला. म्हणून ब्रेक हळूहळू चाकाच्या पोटात शिरला. १९०२ साली फ्रान्सात लुई रेनो यांनी ड्रम ब्रेक पुढे आणला: चाकाबरोबर फिरणारा एक डबा, आणि आतून त्याच्या भिंतीवर फाकणाऱ्या दोन पट्ट्या. मौज अशी की त्याच १९०२ साली इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी दुसऱ्याच तऱ्हेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी तबकडी आणि तिला चिमट्यात धरणारी यंत्रणा. आज ज्याला आपण डिस्क ब्रेक म्हणतो तो हाच. परंतु धातूवर धातू घासून त्याचा इतका कर्कश आवाज होई की लोकांनी त्याचा नाद सोडला, आणि पुढची पन्नास वर्षे ड्रमचे राज्य चालले. स्टेपनीच्या ऐन भराच्या काळात पुढच्या चाकांना तर सहसा ब्रेकच नसे. तो सर्रास आला १९२० नंतरच्या दशकात. तेव्हा बाहेरून आणलेली रिंग कुठे काय घासेल हा प्रश्न डेव्हिस बंधूंना पडायचे कारणच नव्हते.

१९२४ साली एत्तोरे बुगाती यांनी ल्याँच्या शर्यतीत आपली पस्तीस क्रमांकाची गाडी उतरवली. तिची चाके अॅल्युमिनियमची ओतीव होती, आणि ब्रेकचा ड्रम त्या चाकाचाच भाग होता. चाक काढले की ड्रमही त्याबरोबर निघून येई आणि आतल्या पट्ट्या उघड्या पडत. चाक आणि ब्रेक यांचे नाते ज्याला नीट कळले होते असा हा एक माणूस. त्याने दोन्हीही एकाच साच्यात ओतली. मधल्या जागेचा तंटाच मिटवला. पण असे चाक दुसऱ्या कुणाच्या गाडीला लावता येत नाही, आणि जगाला तर हवी होती कुठेही लागतील अशी चाके.

आपल्याकडे काय झाले ते पाहा. महिंद्रांनी मुंबईस माझगावला १९४७ साली विलीस जीप जोडायला सुरुवात केली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे पद्मिनी ह्या नावाने ओळखली गेलेली फियाट बाहेर पडू लागली. महाराष्ट्राने मोटार म्हणून जे ओळखले ते ह्या दोन गाड्यांत, आणि दोघींच्याही चाकांत ड्रमच. ड्रम चहूकडून सारखा गोल, सभोवती ऐसपैस जागा. एका जीपचे चाक दुसऱ्या जीपला लावा, भंगारातून आणून लावा, नटांची भोके जुळली की काम झाले. आमच्या भागातल्या दोन पिढ्यांचे मेकॅनिक ह्या गाड्यांवर शिकले. ‘नट बसले, चाक बसले’ हे सूत्र त्यांच्या अनुभवाने खरे ठरलेले होते. त्यांना हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. सूत्र खोटे पडले ते पुढे, गाडी बदलली म्हणून. आणि गाडी बदलली हे सूत्राला कुणी कळवले नाही.

ती बदलली १९५३ साली फ्रान्सातल्या ल मां गावच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. जॅग्वार कंपनीने आपल्या गाड्यांना डनलॉपचे डिस्क ब्रेक लावले होते. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची गाडी पहिली आली, आणि त्या शर्यतीत ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरी पहिल्यांदा गाठली गेली. ड्रमचा दोष असा की तो बंद डबा. लागोपाठ ब्रेक मारले की आतली उष्णता बाहेर जात नाही आणि पकड सुटत जाते. तबकडी उघड्या वाऱ्यावर असल्याने लवकर निवते. दोन वर्षांनी, १९५५ साली, सित्रोएन कंपनीने डी.एस. ही आपली नवी मोटार पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावून बाजारात आणली. शर्यतीतली वस्तू संसारी माणसाच्या दारात आली.

आणि येथेच जागेचा प्रश्न उभा राहिला. तबकडीला चिमट्यात धरणारा जो लोखंडी जबडा, त्याला कॅलिपर म्हणतात. तो तबकडीच्या कडेवरून पूल टाकल्यासारखा पलीकडे जातो. म्हणजे तबकडीच्या बाहेर आणि रिमच्या आत त्याला जागा हवी. शिवाय तो बाहेरच्या अंगाला चाकाच्या आऱ्यांकडे तोंड करून असतो, तेथेही जागा हवी. ड्रमसारखा तो गोल नाही. एकाच बाजूला गाठोड्यासारखा बसलेला असतो, आणि चाक त्याच्या भोवती फिरते.

ह्या जागेचे गणित समजून घ्यायला ब्रिटिश मिनी गाडीइतका सुरेख नमुना दुसरा नाही. अॅलेक इसिगोनिस यांनी १९५९ साली ती काढली तेव्हा आत माणसांना जागा मिळावी म्हणून चाके केली अवघी दहा इंचांची. १९६१ साली तिची वेगवान आवृत्ती निघाली तेव्हा डिस्क ब्रेक हवे झाले. दहा इंचांच्या चाकात तबकडी बसली सात इंचांची. ती अपुरी वाटू लागली. १९६३ साली ती साडेसात इंचांची केली. आता पाचवीच्या मुलाने करावे असे गणित: दहातून साडेसात गेले, उरले अडीच, दोन बाजूंना वाटले की सव्वा इंच. त्या सव्वा इंचात कॅलिपरचा पूल, आणि रिमचा मधला भाग आत खोलगट वळलेला असतो तोही. ह्याच गाडीने १९६४ साली माँटे कार्लोची रॅली जिंकली, तेव्हा त्या सव्वा इंचाचे सार्थक झाले म्हणायचे. पण त्यापुढे जागाच नव्हती. १९८४ साली तबकडी ८.४ इंचांची करायची ठरली तेव्हा चाकच बारा इंचांचे करावे लागले. ब्रेकने चाकाला मोठे व्हायला लावले. त्या नंतरच्या मिनीला कुणी हौसेने जुनी दहा इंची चाके लावायला गेला तर ती कॅलिपरवर अडतात, आणि ब्रेकही जुना घालावा लागतो.

आपल्याकडे हा बदल सर्वसामान्यांच्या दारात यायला शतकाची अखेर उजाडली. टाटांची इंडिका १९९८ साली पुण्याच्या कारखान्यातून आली ती तेरा इंची चाके आणि पुढे डिस्क ब्रेक घेऊन. बजाजच्या पल्सरने २००१ साली फटफटीच्या पुढच्या चाकात तबकडी खेडोपाडी नेली. (त्याच सुमारास, १ जुलै १९९८ रोजी, अकोल्यातून फुटून वाशिम जिल्हा झाला. पण जिल्हा झाल्याचे सर्वांना कळले; तबकडी आल्याचे फारसे कुणाच्या लक्षात आले नाही.)

आता माझी गोष्ट. मी एक जुनी मोटार घेतली. कंपनीचे नाव सांगत नाही, तिचा काही अपराध नाही. चाके साधी पोलादी होती, गंजलेली. एका मोठ्या शहरातून अॅल्युमिनियमची अलॉय चाके घेतली, पाच जाड आऱ्यांची, चांदीसारखी चमकणारी. कादंबरीचे मानधन नुकतेच आले होते. एवढा मोह मला क्षम्य वाटतो. दुकानदाराने लावून दिली, हाताने फिरवून दाखवली. नट बसले, चाक बसले. दोन महिने गाडी उत्तम चालली. मग ब्रेकचे पॅड झिजल्याचे कळले आणि मी ते एका ठिकाणी बदलून घेतले. दुसऱ्याच दिवशी सकाळी शिष्यवृत्तीची तीन पोरे मागे बसवून निघालो.

गावाबाहेर पडून काही अंतर गेलो असेन, तोच डाव्या वळणावर आवाज आला, पाट्यावर वरवंटा ओढावा तसा. सरळ रस्त्यावर थांबला. उजव्या वळणावर पुन्हा. मागची पोरगी म्हणाली, “सर, काहीतरी घासतंय.” गाडी एका चहाच्या हॉटेलापाशी उभी केली. पुढच्या चाकातून करपट वास येत होता. दैव असे की मागून एस.टी. आली, मुलांना कंडक्टरच्या हवाली करून वाशिमला पाठवून दिले, आणि मानोऱ्याच्या एका वृद्ध मिस्त्रींना फोन केला. ते मोपेडवर आले, चाक उतरवले, आणि उलटे करून माझ्यापुढे धरले. पाचही आऱ्यांच्या पाठीवर एकाच अंतरावर ओरखड्याची चकाकती रेघ होती. नखाने चाचपली तर नख अडकत होते.

“पॅड कधी टाकले गुर्जी?”

“काल.”

“मंग बरोबर हाय. जुने पॅड झिजेल होते, तवा कॅलिपर आत सरकेल होता. नवे जाड आले, तो बाहेर आला. चाक तिथलं तिथंच हाय.”

हे मला दोनदा समजावून घ्यावे लागले. साध्या मोटारीचा कॅलिपर दोन खिळ्यांवर आतबाहेर सरकणारा असतो. दट्ट्या फक्त आतल्या बाजूला. तो आतला पॅड तबकडीवर दाबतो, आणि त्याच्या उलट रेट्याने सबंध जबडा आत ओढला जाऊन बाहेरचा पॅड तबकडीला भिडतो. बाहेरचा पॅड जसा झिजतो तसा जबडा आत आत जातो, आऱ्यांपासून दूर. नवा पॅड घातला की तो पुन्हा पाच-सहा मिलिमीटर बाहेर. दुकानदाराने मला जी जागा दाखवली होती ती झिजलेल्या पॅडची उसनी जागा होती. नव्या पॅडवर उरली असेल ती फट वळणावर चाकाला ताण आला की संपत होती.

“मग मोजायचे कसे?” मी विचारले. आत हात जात नाही, डोळा जात नाही.

मिस्त्री हॉटेलात गेले आणि समोशाच्या मैद्याचा लिंबाएवढा गोळा मागून आणला. त्याच्या दोन चकत्या करून एक कॅलिपरच्या तोंडावर चिकटवली, दुसरी त्याच्या डोक्यावर, रिमच्या बाजूला. वरून तेलाचे बोट फिरवले, चाकाला चिकटू नये म्हणून. मग चाक चढवले, सगळे नट पुरते आवळले, (“अर्धे आवळून मोजसान तं खोटंच निघंल”), आणि एक पूर्ण फेरा हाताने सावकाश फिरवले. चाक उतरवले तेव्हा डोक्यावरची चकती चांगली जाड होती. पण तोंडावरची आऱ्यांनी दाबून पापडापेक्षा पातळ केलेली. “इथं ज्वारीच्या दाण्याएवढी जागा पायजे. तीन मिलिमीटर. त्याहून कमी म्या कोनाच्या गाडीले सोडत नाही.”

उजव्या चाकात आणखी एक गंमत निघाली. तेथे आरे किंचित सुटत होते, पण चाकाचा तोल साधण्यासाठी रिमच्या आतून चिकटवतात ते वजनाचे तुकडे कॅलिपरच्या डोक्याला लागून एक तुकडा उखडला होता. चाक बसवून पाहताना जागा असते, मग बॅलन्सिंगवाला तिथेच वजने चिकटवतो आणि जागा जाते. म्हणून अखेरचा फेरा वजने लावल्यानंतरच फिरवायचा.

चाकावर छापलेला इंचांचा आकडा ह्यात काहीच सांगत नाही, हे मला त्या दिवशी कळले. तो टायर जेथे बसतो त्या कडेचा व्यास. आतली पोकळी किती, आरे कुठे फुगतात, चाकाचे तोंड धुऱ्यापासून किती आत-बाहेर आहे, हे त्या आकड्यात नाही. दोन चौदा इंची चाके शेजारी ठेवली तर एकात कॅलिपर मावेल आणि दुसऱ्यात मावणार नाही.

फोनवरून दुकानदाराने उपाय सुचवला: मध्ये एक चकती टाका, चाक बाहेर येईल. मिस्त्रींनी मान हलवली. चकतीने चाक बाहेर येते हे खरे. पण स्टड तेवढेच राहतात, आणि नटाला धरायला आटे कमी उरतात. आवाज जाईल आणि एक दिवस चाकच जाईल. लांब स्टड घालून, नीट बसणारी चकती करून हे करणारे जाणते लोक आहेत. परंतु रस्त्याच्या कडेला, अंदाजाने, मोठ्या वॉशरसारखे काहीतरी सारून ते काम होत नाही. मुलांच्या जागी एस.टी. आली नसती तर मी त्या वळणांवरून तसाच पुढे गेलो असतो, कारण परीक्षेची वेळ झाली होती. आऱ्यावरची ती रेघ रोज थोडी खोल झाली असती. ओतीव अॅल्युमिनियम पोलादासारखे वाकून सूचना देत नाही, ते तडकते.

डिकीत स्टेपनी होती, जुनी पोलादी, गंजलेली. अलॉयचे लांब नट तिला चालले नसते. नशिबाने जुने नट मी एका फडक्यात बांधून तिच्याच पोटात ठेवले होते. मिस्त्रींनी ती डाव्या बाजूला चढवली. तिच्यातही मैद्याची चकती घालून पाहिली, मी हसलो तर म्हणाले, “कंपनीचं हाय म्हणून न पाहाता सोडाव काय?” चकती तर्जनीएवढी जाड निघाली. उजव्या चाकाचे वजन काढून टाकले, आणि बैलाच्या चालीने आम्ही मानोऱ्यास परत आलो. बाकीची तीन पोलादी चाके पंक्चरवाल्याकडे पडून होती, ती संध्याकाळी घासूनपुसून पुन्हा लावली.

मुले परीक्षेला वेळेवर पोचली. त्यातल्या त्या पोरीने परत आल्यावर विचारले की काय घासत होते. मी फळ्यावर दहातून साडेसात वजा करून दाखवले, आणि तिने लगेच विचारले, “सर, मग त्या लोकांनी चाकच मोठं का नाही केलं?” त्याला एकवीस वर्षे लागली असे मी सांगितले.